उलट्या बाजूची धार

१

माझ्या नवऱ्याने लावलेली शेवटची धार मी वर्षभर पुरवून पुरवून वापरली.

सुरी त्याची. जपानी धाटणीची, मासे कापायची, लांब आणि अरुंद पात्याची. तो ज्या हॉटेलात होता तिथल्या मोठ्या आचाऱ्याने निवृत्त होताना ती याला दिली. तिथे याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण याच्याइतका पातळ मासा दुसऱ्या कुणाला कापता येत नसे. मी मात्र त्याला अरे-तुरेच करायची, लोकांसमोरसुद्धा. सासूला ते शेवटपर्यंत पटलं नाही. आता सासूही नाही आणि तोही नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी त्याने सुरीला धार लावली, पुसली, तेलाचा हात फिरवून लाकडी म्यानात घातली, "जरा पडतो" म्हणाला, आणि पडला तो पडलाच. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, हृदय तर सगळ्यांनाच असतं.

म्हणजे त्या पात्यावरची धार हे त्याच्या हातचं शेवटचं काम. दुसरी कुणी असती तर तिने सुरी गुंडाळून कपाटात ठेवली असती. मी नाही ठेवली. असलं पोलाद पडून राहिलं की गंजतं, हे तोच सांगायचा. म्हणून दर रविवारी एक टोमॅटो. एकच. पातं टोमॅटोवर टेकवायचं, दाबायचं नाही, नुसतं मागे ओढायचं. साल काही कुरकुर न करता उघडायची. मग पुसून, तेल लावून सुरी परत म्यानात.

धार जात होतीच. थंडीच्या दिवसांत पहिल्यांदा साल दबली. पुढच्या रविवारी जरा जास्त दबली. मी दगडाला हात लावला नाही. मला धार लावता येत नाही. त्याने कितीदा शिकवू बघितलं, मी म्हणायची, तू आहेस की. आणि येत असती तरी लावली नसती. माझी धार लावायची म्हणजे त्याची पुसून टाकायची.

मग एका रविवारी मी पातं नुसतं टेकवलं आणि टोमॅटो आपणहून दोन झाला.

२

मी काही लगेच घाबरणारी बाई नाही. आधी टोमॅटोला दोष दिला. जास्त पिकलेला असेल. दुसरा घेतला, कच्चट, बुडाशी हिरवा. तोही तसाच. मग कांदा घेतला. कांद्याने डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं नाही, इतकी ती धार होती.

मग दगड बघितला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तो बसायचा त्या बाजूला, त्याने फडक्यात गुंडाळून ठेवला होता तिथेच. असल्या सुऱ्यांना फिरत्या चाकावर धार लावत नाहीत. दगड पाण्यात बुडवायचा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढायचा आणि त्यावर पातं हळूहळू घासायचं. वर्षभर तो दगड कोरडा ठणठणीत होता, पांढरट पडलेला. आता फडकं उलगडलं तर गडद दिसला. हात लावला. गार होता, ओला होता.

नळ बघितला, गळत नव्हता. छत बघितलं, भिंत चाचपली, ओल नव्हती. शेवटी लेकीला फोन केला. ती परगावी एका मोठ्या स्वयंपाकघरात कामाला आहे, बापाच्याच धंद्यात. घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते.

"तू येऊन गेलीस का?"

"कधी?"

"मी कामावर असताना."

"आई, दिवसभराचा प्रवास करून मी येणार, तुला न भेटता जाणार, आणि काय नेणार? तुझी भांडी?"

"सुरीला धार लावून गेलीस का, विचारतेय."

ती म्हणाली, "बाबांच्या सुरीला मी तुला न विचारता हात लावेन का? पण आई, ती माझी आहे ना? मासे कापायच्या कामावर उभी राहिले की माझी, असं बाबा म्हणाले होते. पुढच्या महिन्यात मला माशांवर घेतायत."

"बघू."

"बघू काय?"

"दूध उतू जातंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

३

दोन-चार दिवसांनी जिन्यात खालच्या मजल्यावरची वहिनी भेटली. बोलायला लागली की जिना अडवून उभी राहते, तशीच राहिली.

"पुन्हा सुरू केलंत वाटतं? बरं वाटलं हो."

"काय सुरू केलं?"

"ते घासणं. मास्तर करायचे ते. पूर्वी मला कटकट वाटायची, खोटं कशाला बोलू. पण सासूबाई त्यावर ढाराढूर झोपतात. नाहीतर दुपारभर माझं डोकं खातात."

"दुपारी?"

"जेवणं झाली की. हल्ली कामावरून लवकर येता का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं.

खोटं बोलताना माझा आवाज कधी कापत नाही. त्या दिवशीही कापला नाही, पण वर आल्यावर मी किल्ली फिरवण्याआधी दाराला कान लावला.

मी एका ऑफिसच्या कँटीनमध्ये भाजी चिरते. सकाळी जाते ती उन्हं उतरल्यावर येते. दुपारी आमच्या घरात फक्त फ्रिजचा आवाज असतो.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? कुलूप बदललं असतं. चार माणसं बोलावून घर बघून घेतलं असतं. मी परातीत पाणी भरून टेबलावर ठेवलं, दगड त्यात सोडला, सुरी म्यानातून काढून बाजूला ठेवली आणि कामावर गेले. त्याला उशीर होणार असला की मी ताट झाकून ठेवायची, तसं.

४

ते दिवस चांगले होते. लाज वाटते, पण होते.

दार उघडलं की ओल्या दगडाचा आणि पोलादाचा वास यायचा. त्याच्या हातांना यायचा तोच. परातीतलं पाणी राखाडी झालेलं असायचं. मी ते लगेच ओतायची नाही. समोर ठेवून चहा प्यायची. रविवारच्या टोमॅटोवर आता माझं भागत नव्हतं. सुरी बोथट व्हायला हवी, म्हणजे पुन्हा धार लावावी लागेल, म्हणून मी उगाच पुठ्ठे कापायची. त्याने बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.

एकच गोष्ट जमत नव्हती. तो धार लावताना दातांतून हवा सोडायचा. शीळ म्हणता येणार नाही, गाणं तर नाहीच, कुठलं होतं देव जाणे. तीनदा वर चढायचं, थांबायचं आणि मग खाली उतरताना एक गिरकी घ्यायचं. चढणं मला आठवत होतं. गिरकी आठवत नव्हती. संसारभर ऐकलेली गोष्ट आणि वर्षात गेली. त्याचा चेहरा फोटोत आहे, सदरे कपाटात आहेत. गिरकी कुठेच नव्हती. ती परत मिळाली असती तर मी हातातलं काहीही दिलं असतं.

कँटीनमध्ये गाजरं चिरताना मी तोंडातल्या तोंडात चढायची आणि थांबायची. पुन्हा चढायची, पुन्हा थांबायची. शेजारी कांदा चिरणारी म्हणाली, "काय गं, किती शिट्ट्या घेणार आहेस आज? शिजलीस की सांग."

"तू तुझा कांदा चीर."

"चिरतेच आहे. कांदा मी चिरतेय आणि रडतेयस तू."

खालच्या वहिनीलाही विचारलं. "घासताना आणखी काही ऐकू येतं का? गुणगुणल्यासारखं?"

"नाही बाई. नुसतं घासणं. का, गाणं शिकताय की काय?"

नुसतं घासणं. हे मला तेव्हाच टोचायला हवं होतं.

५

टोमॅटोची चकती वाकडी निघाली म्हणून मी सुरी खिडकीशी नेली.

ही सुरी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. उजव्या बाजूला उतार, डावी बाजू सपाट. उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेली. सपाट बाजूला तो पाठ म्हणायचा. पाठ दगडावर आडवी टेकवायची आणि अलगद फिरवायची, उतार घासताना या बाजूला आलेली खरखर निघण्यापुरती. उचलायची नाही. हॉटेलात एकाने उचलली तर मास्तर त्याच्याशी कित्येक दिवस बोलला नव्हता. पाठीवर उतार पडला की सुरी मेली, म्हणायचा.

पाठीवर उतार पडला होता.

अंगठा फिरवला. बोटाला लागला. नीट, सरळ, टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा. पेंगुळलेल्या हाताचं काम नव्हतं ते. उजव्या बाजूचा त्याचा उतार जसाच्या तसा होता, त्याच्या हाताच्या बारीक रेघांसकट. त्याला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या बाजूने कुणीतरी तो खात चाललं होतं.

हात त्याचा नव्हता.

मी जाऊन माझ्या स्टुलावर बसले. टेबलाची भिंतीकडची बाजू माझी, खिडकीकडची त्याची. तो धार लावायचा आणि मी समोर बसून भाजी निवडायची, नाहीतर त्याचं डोकं खायची. तिथे बसून मी रिकाम्या हातांनी करून बघितलं, तो करायचा तसं, मला दिसायचं तसं. हात आपोआप हलले. मूठ धरली ती डाव्या हाताने. पातं टेकलं ते पाठीवर.

समोर बसून शिकलं की असं होतं. सगळं बरोबर आणि सगळं उलटं.

म्हणजे हे मीच करते का? झोपेत? पण दुपारी मी कँटीनमध्ये असते, पोतंभर गाजरं साक्षीला आहेत. मग या बाजूने त्याला इतकी वर्षं कोण बघत होतं? मी बघत होते. आणखी कोण?

माझ्या स्टुलामागे भिंत आहे. भिंत आणि फडताळ यांच्यामध्ये हातभर फट आहे, तिथे आम्ही झाडू ठेवतो. मी कधी वळून बघत नाही. बसल्या बसल्या मागे हात घालते आणि झाडू हातात येतो. नेहमीच येतो. कधी चाचपावं लागलेलं नाही.

मी स्टुलावरून उठले ती मागे न बघता उठले.

६

तरी परात भरायची मी थांबले नाही. हे मला कुणाला समजावून सांगता येणार नाही, त्यामुळे सांगतही नाही.

एका दुपारी ऑफिसात पाणी आलं नाही म्हणून कँटीन लवकर बंद झालं. मी घरी आले. जिन्यातच ऐकू आलं. सर्र. सर्र. जाताना लांब, येताना आखूड. मी पायरीवर बसले, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. तो नाही हे मला माहीत होतं. तरी बसून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग नाक पुसलं आणि किल्ली फिरवली.

स्वयंपाकघराला पडदा आहे, अर्धा सरकलेला होता. टेबलाची माझी बाजू दिसत होती, तीही अर्धीच. स्टूल होतं. दगड होता. दगडावर पातं पुढे-मागे जात होतं. मुठीवर डावा हात होता.

हातच दिसला. मनगटापर्यंत. ओला, नखांत काळं पाणी गेलेलं. बोटं लांब नव्हती, वाकडी नव्हती. साधा हात होता, कुणाचाही असावा असा. तो इतका साधा नसता तर मी ओरडून पळाले असते.

आणि तो मन लावून काम करत होता. तेच बघवेना. एखादं पोर गेलेल्या बापाच्या चपला घालून घरभर चालतं, तसं काहीतरी होतं ते. त्यालाही तो आवाज परत हवा होता.

"चुकतंय," मी म्हटलं.

हात थांबला.

"पाठ उचलायची नाही. आडवी ठेव."

फ्रिज घुर्र करून थांबला. मग पातं हळूच खाली झुकलं, आडवं झालं. सर्र. आवाज बदलला, मऊ झाला. माझ्या अंगावर काटा आला तो त्या मऊपणाने. थोड्या वेळाने त्याने सुरी ठेवली, धार भिंतीकडे आणि मूठ माणसांकडे, मास्तर ठेवायचा तशी. मी पापणी मिटली. उघडली तेव्हा टेबलावर कोपरांचे दोन ओले ठसे होते आणि फटीतला झाडू अजून हलत होता.

७

लेक त्याच आठवड्यात आली. न सांगता. बॅग दारात टाकली आणि सरळ सुरीकडे गेली. मी चहा टाकेपर्यंत तिने पातं उजेडात धरलं होतं.

"आई. हे काय आहे?"

"काय आहे?"

"पाठीवर उतार आहे. कुणी केला?"

मी साखर ढवळत राहिले.

"तूच केलास ना? तुला येत नाही तर कशाला हात लावायचा? मला द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं सरळ. मारून टाकलीस तिला."

"हो, मीच केलं."

तिला भांडण हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून ती आणखी चिडली. "तू हो म्हणालीस की मला भीती वाटते. तू कधी हो म्हणत नाहीस."

"मग नाही म्हणते. दुरुस्त होईल का?"

"पूर्ण पाठ घासून सपाट करावी लागेल. अर्धी सुरी उरेल." तिने पुन्हा अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी पडली. "इथे मात्र कुणीतरी नीट करायला घेतलंय. या टोकाला. हे तुझ्याच्याने व्हायचं नाही."

"चहा घे."

तिने कप घेतला तो रागात, काठ टेबलाला लागला आणि फुटला. ती माझ्या स्टुलावर बसली होती. न वळता तिने मागे फटीत हात घातला. मी तोंड उघडेपर्यंत झाडू तिच्या हातात होता.

"बघ," ती हसली, राग विसरून. "लहानपणापासून मला वाटायचं, हा झाडू आपणहून हातात येतो. तुलाही वाटतं का?"

"ऊठ तिथून," मी म्हटलं.

"अगं, काचा..."

"मी काढते. तू ऊठ. संध्याकाळच्या गाडीने जा."

"आत्ता आलेय मी."

"सुरी घेऊन जा. तुझीच आहे. बापाने सांगितलं होतं, मी कोण अडवणारी?"

मी तिच्या बॅगेत सुरी घातली, म्यान दोरीने बांधून. ती दगडाकडे गेली.

"दगड नाही," मी म्हटलं.

"दगडाशिवाय मी काय..."

"नवा घे. तिथे मिळतात. हा इथेच राहील."

"तुला काय करायचाय? तुला धार लावता येते का?"

"शिकेन."

ती जाताना दारात मला चिकटून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. तिच्या खांद्यावरून मला स्वयंपाकघर दिसत होतं. मी तिला जोरात ढकलून जिन्यात काढलं. तिला वाटलं असेल, आईचं हे नेहमीचंच.

८

सुरी गेल्यावर घर मुकं झालं. खालची वहिनी म्हणाली, सासूबाई पुन्हा डोकं खायला लागल्या. मी परात भरून ठेवायची, माझी गाजराची साधी सुरी बाजूला ठेवायची. संध्याकाळी पाणी स्वच्छ असायचं. मला वाटलं होतं सुटका वाटेल. लेक सुखरूप पोचली होती, फोनवर सुरीच्या पाठीची रड सांगत होती, सगळं जागेवर होतं. आणि मी रोज त्या स्वच्छ पाण्याकडे बघून नव्याने विधवा होत होते.

सुट्टीच्या दुपारी मी दगड भिजवला. बुडबुडे थांबायची वाट बघितली. आणि पहिल्यांदाच त्याच्या खुर्चीत बसले.

तिथून काय दिसतं ते मला माहीत नव्हतं. माझं स्टूल दिसतं. आणि स्टुलामागे, बरोबर मधोमध, ती फट दिसते.

म्हणजे तो रोज तिकडे तोंड करून बसायचा. इतकी वर्षं. ते गुणगुणणं तो स्वतःशीच करतो असं मी धरून चालले होते.

माझी सुरी दगडावर टेकवली. हात आडमुठा होता, तरी चालवला. सर्र. त्याच्यासारखं नाही, पण सर्र. मग दातांतून हवा सोडली. तीनदा वर चढले. थांबले. पुढचं येईना. पुन्हा चढले. थांबले.

समोरून, फटीतल्या काळोखातून, अगदी हळू, ती गिरकी खाली उतरली.

तीच होती. ऐकल्याबरोबर सगळी आठवली, शेवटी श्वास तुटायचा त्यासकट. माझे हात थांबले नाहीत. मी मान वर केली नाही. दगडावर पाणी शिंपडलं, बाही डोळ्यांवरून फिरवली.

"पुन्हा," मी म्हटलं.

आता दर सुट्टीला आम्ही बसतो. मी चढते, ते उतरतं. माझी धार सुधारली आहे, कँटीनमधली कांदेवालीसुद्धा म्हणते. लेकीला मी सांगितलंय की यंदा येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येईन.

तो मला एका नावाने हाक मारायचा. घरातच, दार लावल्यावर. ते नाव दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, असं मी समजत होते. फटीतल्याला ते येतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. पण समोरचं स्टूल मी टेबलाच्या जरा जवळ ओढून ठेवलं आहे.